शेजारच्या देशांशी पिकांच्या किडी-रोगांवरचे करार: पुण्याकडून नेहमी येणारे प्रश्न

मार्केटयार्डातले एक्सपोर्टवाले, सोरतापवाडी-उरुळीचे नर्सरीवाले, नारायणगावचे द्राक्षवाले, चाकणला डिस्पॅच बघणारी मंडळी आणि मधूनच मुलीकडं परदेशी निघालेल्या कोथरूडच्या काकू, सगळे फिरून फिरून तेच विचारतात म्हणून एकदाचं लिहून काढलंय. क्रम बिम काही नाही, आपला प्रश्न शोधा आणि वाचा. सरकारी मराठी शक्यतो टाळली आहे.

हे करार म्हणजे नक्की काय, आणि आपण कशात आहोत?

दोन पातळ्या आहेत. वरची पातळी जगाची, तिला आयपीपीसी म्हणतात, म्हणजे आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार. १९५१ मधे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत (एफएओ) तो मंजूर झाला, १९५२ पासून लागू आहे, ऑफिस रोमला, आणि आज १८० पेक्षा जास्त देश त्यात आहेत. भारत आहेच.

खालची पातळी म्हणजे एकेका भागातल्या देशांनी मिळून केलेली संघटना. जगात अशा दहा आहेत. युरोपवाल्यांची वेगळी, उत्तर अमेरिकेची वेगळी, आफ्रिकेची वेगळी, पॅसिफिकमधल्या बेटांची वेगळी. आपली आहे ती एपीपीपीसी, आशिया आणि पॅसिफिक वनस्पती संरक्षण आयोग. याचा करार १९५५ मधे मंजूर होऊन जुलै १९५६ पासून लागू झाला, सदस्य २५, आणि कारभार एफएओच्या बँकॉकच्या ऑफिसातून चालतो. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार, चीन, थायलंड, व्हिएतनाम, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असे सगळे एका टेबलावर. फ्रान्ससुद्धा आहे, कारण त्यांची बेटं पॅसिफिकमधे आहेत. जपान मात्र सदस्य नाहीये, हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं.

एकेका देशाने आपापली बॉर्डर सांभाळली तर पुरत नाही का? करार कशाला?

द्राक्षवाल्यांना हे पटकन कळेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून वेलींच्या रोपांबरोबर फिलॉक्सेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड युरोपात गेली आणि १८६० नंतर फ्रान्सचे मळेच्या मळे वाळायला लागले. एका देशाने रोपं बंद केली तरी शेजाऱ्याकडून येतच होती. शेवटी १८७८ मधे स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात काही देश एकत्र बसले आणि वेलींची ने-आण कशी करायची यावर सह्या केल्या. आज जे काही करार आहेत त्यांचा हा आजोबा. इलाज काय झाला तर अमेरिकन खुंटावर युरोपची द्राक्षं कलम करायची, कारण अमेरिकन मुळांना ही कीड फारसं काही करू शकत नाही. आपल्याकडे डॉगरिजचा खुंट लावतात तो मुख्यतः खारट पाणी आणि पाण्याचा ताण यासाठी, पण जगाला खुंटावर द्राक्ष लावायची सवय लागली ती त्या किडीमुळे.

आशियाच्या कराराची सुरुवात म्हणे रबरामुळे झाली, खरंय?

एकट्या रबरामुळे नाही, पण रबराचा वाटा मोठा आहे आणि गोष्ट सांगण्यासारखी आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रबराचं झाड मूळचं ब्राझीलचं. १८७६ मधे तिथून बी लंडनला गेलं, तिथल्या क्यू बागेत रोपं झाली, ती सिलोन आणि मलायाला आली आणि पुढं आशियात रबराचे मळे उभे राहिले. झाड आलं पण त्याचा सगळ्यात वाईट रोग, पानांवरचा एक करपा, तो मागेच राहिला. हे आशियाचं नशीब. तिकडं ब्राझीलमधे हेन्री फोर्डने १९२८ पासून गाड्यांच्या टायरसाठी स्वतःचा प्रचंड मळा करायचा प्रयत्न केला तो याच करप्याने बुडवला, जवळजवळ झाडं लावली की रोग एका झाडावरून दुसऱ्यावर पसरत जातो. आजही जगातलं बहुतेक नैसर्गिक रबर आशियातून येतं आणि दक्षिण अमेरिकेतून, जिथलं झाड तिथून, अगदी थोडं.

तर आशियातल्या देशांनी विचार केला की हा करपा एकाच्या घरात शिरला तर सगळ्यांचे मळे गेले, कारण मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया, श्रीलंका आणि आपलं केरळ, सगळीकडे त्याच झाडांची पिल्लावळ. म्हणून करारात या एका रोगासाठी वेगळं परिशिष्टच जोडलं, तो रोग असलेल्या भागातून रबराची रोपं, बी, माती काय आणि कसं येऊ द्यायचं याचं. इतकी वर्षं झाली, तो करपा अजून आशियात रबराच्या मळ्यांत शिरलेला नाही. असे करार कागदावरच राहतात म्हणणाऱ्यांना मी नेहमी हेच उदाहरण देतो. जे झालं नाही त्याची बातमी होत नाही, त्यामुळे कोणाला माहीत नसतं.

सह्या केल्या म्हणजे देश एकमेकांना काय कबूल करतात?

मुख्य गोष्टी सांगतो. प्रत्येक देशाने एक अधिकृत सरकारी यंत्रणा ठेवायची, आपली फरिदाबादला आहे, वनस्पती संरक्षण संचालनालय, १९४६ पासून. बाहेर जाणाऱ्या मालाची तपासणी करून सर्टिफिकेट द्यायचं, तेच आपलं ‘फायटो’. बाहेरून येणाऱ्या मालावर बंधनं घालायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण बंधनामागं शास्त्रीय कारण पाहिजे, उगाच आपल्या शेतकऱ्याला वाचवायला किडीचं नाव पुढं करायचं नाही. १९९५ मधे डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) आल्यावर याला जास्त धार आली, कारण त्यांनी आयपीपीसीचे नियम हेच प्रमाण मानले.

आणि चौथी गोष्ट, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: आपल्याकडे नवी कीड सापडली तर ती आपणहून दुसऱ्यांना सांगायची. आयपीपीसीच्या कलम ८ मधे आहे हे. बाकी सगळी तपासणी, शिक्के, कागद हे त्याच्यापुढं दुय्यम आहेत, कारण तपासणारा माणूस काय शोधायचं हे माहीत असेल तरच शोधणार ना.

सांगतात का पण? लपवत असतील की.

लपवतात, किंवा सौम्य भाषेत सांगायचं तर उशीर करतात. यात वाईट माणसं असायची गरज नाही. समजा एखाद्या देशाने आज जाहीर केलं की आमच्या आंब्यात अमुक माशी मिळाली, उद्या चार देश त्याचा आंबा बंद करणार. मग शास्त्रज्ञ म्हणतात आधी ओळख पक्की करू, अधिकारी म्हणतात वरून परवानगी येऊ दे, मंत्रालय म्हणतं सीझन जाऊ दे. तोपर्यंत माशी शेजारच्या देशात.

प्रादेशिक गटाचा खरा उपयोग इथे होतो. रोमच्या सभेत दीड-दोनशे देश असतात, तिथे कोण मनातलं बोलणार. पण बँकॉकच्या गटातले अधिकारी दर दोन वर्षांनी बैठकीत भेटतात, मधे ट्रेनिंग असतात, त्यामुळे फोन उचलून ‘तुमच्याकडे काहीतरी दिसतंय असं ऐकलं’ एवढं विचारण्याइतकी ओळख असते. कागदावर न येणारं असं बरंच काम अशा ओळखीवर चालतं. या करारांना दात नाहीत ही तक्रार बरोबर आहे, न सांगणाऱ्या देशाला दंड वगैरे काही होत नाही. पण दंड ठेवला असता तर सह्याच किती जणांनी केल्या असत्या हाही प्रश्न आहे.

पाकिस्तानशी पण सहकार्य? काहीतरीच काय.

टोळधाडीच्या बाबतीत, हो. टोळ इराणच्या बाजूने बलुचिस्तान, सिंध, मग राजस्थान असे येतात. १९६४ पासून एफएओच्या छत्राखाली अफगाणिस्तान, इराण, पाकिस्तान आणि भारत या चार देशांचा एक टोळ नियंत्रण आयोग आहे. शिवाय १९७७ पासून भारत-पाकिस्तानच्या टोळ अधिकाऱ्यांच्या बॉर्डर मीटिंगची पद्धत आहे, जून ते नोव्हेंबर या काळात, कधी आपल्या मुनाबावला तर कधी त्यांच्या खोक्रापारला. कुठे अंडी दिसली, कुठे पिल्लं, वारा कसा, एवढीच देवाणघेवाण. आपली टोळ सूचना संघटना मुळात १९३९ ची, तेव्हा तिचं एक ऑफिस कराचीला होतं, आता जोधपूरला आहे.

२०२० आठवत असेल. लॉकडाऊनमधे टोळ राजस्थान, मध्य प्रदेश ओलांडून मे महिन्यात अमरावती, वर्धा, नागपूरपर्यंत आले होते आणि इकडं पुण्यात लोक व्हॉट्सॲपवर ‘उद्या शिरूरला येणार’ असे मेसेज फिरवत होते. त्या काळात बॉर्डर मीटिंग शक्य नव्हत्या तरी चारही देशांचे अधिकारी ऑनलाइन बैठका घेऊन माहिती देत-घेत होते. बाकी संबंध काय होते ते सगळ्यांना माहितीये.

एवढे करार असताना लष्करी अळी मक्यात आली कशी?

कारण पतंगाला पासपोर्ट लागत नाही. ही अमेरिकन लष्करी अळी २०१६ मधे आफ्रिकेत दिसली, मे २०१८ मधे कर्नाटकात शिवमोग्याच्या मक्यात, त्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात, २०१९ च्या सुरुवातीला चीनमधे आणि २०२० मधे ऑस्ट्रेलियात. आफ्रिकेतून भारतात नक्की कशी आली हे छातीठोक कोणी सांगू नये, मालाबरोबर आली असेल किंवा उडत. पण एकदा आशियात आल्यावर पतंग एका रात्रीत कितीतरी किलोमीटर जातो, तिथे क्वारंटाइन काय करणार.

मग फायदा काय झाला? वेळ मिळाला. आपल्याकडे ओळख पटल्यावर ती जाहीर झाली आणि त्यामुळे थायलंड, चीन, ऑस्ट्रेलिया यांना अळी यायच्या आधी कामगंध सापळे (मादीच्या वासाने पतंग पकडणारे), औषधांची मंजुरी, शेतकऱ्यांना फोटो दाखवणं हे करता आलं. आपल्याला मात्र आफ्रिकेची बातमी दोन वर्षं समोर असूनही तयारी कमीच पडली असं माझं स्पष्ट मत आहे. दौंड, इंदापूरकडे दुधाचा धंदा आहे, चाऱ्याला मका सगळीकडे, आणि अळी पोंग्यात बसलेली दिसल्यावर लोक दुकानात विचारत फिरत होते की ही कुठली नवीन.

बांगलादेशच्या गव्हाचं काय प्रकरण होतं?

२०१६ मधे बांगलादेशात गव्हावर ब्लास्ट नावाचा बुरशीचा रोग आला, ओंबी पांढरी पडते आणि आत दाणा भरतच नाही. रोग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आशियात पहिल्यांदाच. साधारण १५ हजार हेक्टरवर गेला. बांगलादेशने ते लगेच जगजाहीर केलं, नमुने बाहेरच्या लॅबना दिले, ओळख पटापट झाली, याबद्दल त्यांचं खरंच कौतुक करायला पाहिजे. आपल्याकडे मग पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद आणि नादिया जिल्ह्यांत गहू लावायलाच बंदी घातली, सीमेलगत ५ किलोमीटरच्या पट्ट्यातही गहू नको असं ठरलं. तिथल्या शेतकऱ्यांना त्रास झाला पण पंजाब-हरियाणापर्यंत तो रोग पोचू न देणं जास्त महत्त्वाचं होतं.

गाजर गवत पुण्यातूनच देशभर पसरलं असं म्हणतात, ते खरं का?

पुण्यात १९५५ मधे त्याची नोंद झाली आणि नंतर ते सगळीकडे माजलं, एवढं पक्कं. आयात केलेल्या गव्हातून बी आलं असं सांगितलं जातं आणि त्यावरूनच लोक काँग्रेस गवत म्हणायला लागले असंही म्हणतात. बरेच जण सरळ पीएल-४८० च्या, म्हणजे अमेरिकेच्या धान्य मदत योजनेच्या, गव्हावर ठपका ठेवतात, पण त्या योजनेत भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मधे, म्हणजे तारखा जुळत नाहीत, अर्थात अमेरिकन गहू त्याच्या आधीही येत होता. आणि काही अभ्यासकांच्या मते हे झाड भारतात एकोणिसाव्या शतकातच येऊन गेलेलं.

काही का असेना, आज मुठेच्या कडेला, पडीक प्लॉटवर, रेल्वेलाइनला जे दिसतं ते बघा आणि मग धान्याच्या जहाजात तणाचं बी तपासायला एवढा आटापिटा का करतात ते कळेल. नंतर १९८३ मधे त्याला खाणारे मेक्सिकन भुंगे मुद्दाम तिकडून आणले, बंगळुरूला चाचण्या करून मग सोडले. पावसाळ्यात गाजर गवताच्या पानांवर पिवळसर भुंगे दिसले, पाठीवर काळ्या रेघा असलेले, तर मारू नका, तेच ते.

आपण नेहमी बाहेरच्यांना दोष देतो. आपल्याकडून काही जात नाही का?

जातं की! खापरा भुंगा घ्या, साठवलेल्या धान्यातला. तो मूळचा आपल्याच उपखंडातला समजतात आणि अमेरिका-ऑस्ट्रेलिया त्याला इतके घाबरतात की पोत्यात एक अळी दिसली तर अख्खा कंटेनर अडकतो. संत्र्या-मोसंबीवरचा सिट्रस सायला, रस शोषणारी बारीक कीड, तो पण आशियातलाच, विदर्भातल्या लोकांना चांगला माहितीये. तो ज्या ग्रीनिंग रोगाचा वाहक आहे तो रोग २००५ मधे फ्लोरिडात सापडला आणि तिथला संत्र्याचा धंदा पार कोलमडला. फळमाश्यांचं तर विचारूच नका. त्यामुळे परदेशात आपल्या मालाकडे संशयाने बघतात यात दरवेळी राजकारण नसतं.

२०१४ मधे युरोपने हापूस बंद केला ते अन्यायच होता ना?

त्या वेळी टीव्हीवर असंच चाललं होतं, पण नाही. २०१३ मधे भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत त्यांना किडी मिळाल्या, फळमाशी वगैरे. आधी इशारे दिले होते, नुसते नाही. मग १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, अळू, कारली आणि पडवळ बंद. सीझनच्या ऐन तोंडावर, म्हणून राग आला.

पण पुढं काय झालं ते बघा. पॅकहाऊस सुधारली, आंब्याला गरम पाण्याची ट्रीटमेंट सक्तीची झाली, ४८ अंशाला ६० मिनिटं, त्यांची माणसं येऊन बघून गेली, आणि बंदी डिसेंबर २०१५ पर्यंत होती ती आंब्यापुरती २०१५ च्या सुरुवातीलाच उठली. भाज्यांना अजून थांबावं लागलं. अमेरिकेचं आधी असंच झालेलं, कोयीतल्या भुंग्याच्या भीतीने कित्येक वर्षं आपला आंबा बंद होता, २००७ मधे लासलगावच्या केंद्रात विकिरण करून पाठवायला सुरुवात झाली, डोस ४०० ग्रे. जपानला वाफेची ट्रीटमेंट लागते. म्हणजे एकच आंबा, तीन गिऱ्हाइकं, तीन वेगळ्या रीती. हे सगळं एकसारखं का नाही असं एक्सपोर्टवाले विचारतात आणि बरोबरच विचारतात, त्यासाठीच आयपीपीसी सगळ्यांना मान्य होतील अशी मानकं काढते, पण देश शेवटी आपापलंच खरं करतात.

रेसिड्यूमुळे माल परत आला, ते पण याच करारात येतं का?

नाही. रेसिड्यू म्हणजे औषधाचा अंश, तो माणसाच्या तब्येतीचा विषय, त्याचे नियम वेगळे. २०१० मधे द्राक्षात क्लोरमेक्वाट (आपलं सीसीसी) सापडून युरोपात माल अडकला ते रेसिड्यूचं प्रकरण, ग्रेपनेटवर (एक्सपोर्टच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंदणी) प्लॉट रजिस्टर करतो आपण त्यातली लॅब टेस्ट त्यासाठी. फायटोवाला अधिकारी बघतो ते कीड-रोग. दोन्ही कागद एकाच फाइलमधे असतात म्हणून गल्लत होते. मजा म्हणजे दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध ओढतात, कीड नको म्हणून जास्त फवारलं की रेसिड्यू, कमी फवारलं की मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण.

चाकणहून आम्ही मशिनचे पार्ट पाठवतो, शेतीचा काही संबंध नाही, तरी एजंट पॅलेटवर शिक्का मागतो. का?

कारण पॅलेट लाकडाची आहे आणि लाकूड म्हणजे झाड. पॅकिंगच्या कच्च्या लाकडातून खोडकिडे आणि सूत्रकृमी एका खंडातून दुसऱ्यात गेले आणि तिकडची जंगलं वाळली, म्हणून २००२ मधे आयपीपीसीने १५ नंबरचं मानक काढलं. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश तापमान सलग ३० मिनिटं राहिलं पाहिजे, नाहीतर मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यायची, आणि मग गव्हाच्या ओंबीचं चित्र, देशाचा कोड आयएन, ट्रीटमेंट करणाऱ्याचा नंबर आणि एचटी (उष्णता दिली) किंवा एमबी (धुरी दिली) असा शिक्का. शिक्का मान्यताप्राप्त ट्रीटमेंटवालाच मारू शकतो. बाहेरून रबर स्टॅम्प करून घेणारे महाभाग ऐकिवात आहेत, त्यांना एवढंच सांगतो की माल तिकडच्या पोर्टवर उघडला जातो आणि सालीखाली जिवंत अळी निघाली तर पार्ट कितीही भारी असोत, कंटेनर परत येतो. प्लायवूड चालतं, त्याला शिक्का लागत नाही. पॅलेट दुरुस्त करताना नवी कच्ची फळी ठोकली तर आधीचा शिक्का उपयोगाचा नाही, हे डिस्पॅचवाले हमखास विसरतात.

थायलंडहून शोभेची रोपं आणायची आहेत. ओळखीचा माणूस बॅगेतून आणतो म्हणतोय.

नको. सोरतापवाडीत हे बोललं की लोक हसतात, पण नको. २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरप्रमाणे लागवडीचं सामान आणायला आधी परवाना, मग तिकडच्या सरकारचं फायटो, आणि बऱ्याच रोपांना इथे आल्यावर वेगळं ठेवून वाढवायचं, अधिकारी येऊन बघतो, मगच विक्री. माती तर अजिबात नाही, रोप मातीविना यायला पाहिजे. थायलंड आणि आपण एकाच एपीपीपीसीत असलो म्हणून सूट मिळत नाही. त्या गटामुळे दोघांचे कागद एका पद्धतीचे असतात एवढाच फायदा.

एका नर्सरीत एक रोगट रोप आलं की ते महिनाभरात नाशिक, हैदराबाद, इंदूर करत फिरतं, कारण सगळा देश इथून माल उचलतो. त्यामुळे पुण्याच्या नर्सरीवाल्यांची जबाबदारी जरा जास्तच आहे.

पोस्टाने न मागवता बियांचं पाकीट आलं तर?

पेरू नका, कचऱ्यात टाकू नका, कृषी खात्याला द्या. २०२० मधे बऱ्याच देशांत अशी पाकिटं आली होती, आपल्या कृषी मंत्रालयानेही तेव्हा सावध केलं होतं.

मुलीकडे जर्मनीला चालले आहे, थोडे आंबे आणि कढीपत्ता नेला तर चालेल का?

काकू, डिसेंबर २०१९ पासून युरोपियन युनियनमधे प्रवाशाच्या बॅगेतल्या ताज्या फळा-भाजीलाही फायटो लागतं. सूट फक्त पाच फळांना, अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. आंबा त्यात नाही. कढीपत्त्याची तर गोष्टच वेगळी, वर सांगितलेला तो सायला कढीपत्त्यावर मजेत राहतो, म्हणून अमेरिकेतही ताजी पानं बॅगेत सापडली की काढून घेतात. मेतकूट न्या, लोणचं न्या. ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्यांनी मात्र जे काही खायचं असेल ते फॉर्मवर लिहून टाकावं, लिहिलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड.

किडी आणू नका म्हणता आणि वर स्वतःच परदेशातून भुंगे-माश्या आणता, हे कसं?

चांगला प्रश्न आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण २००८ मधे कोइमतूरला दिसला, २०१० मधे पुण्यात. तुती, जास्वंद, पपई, सगळं पांढरं. कीड मेक्सिकोकडची, त्यामुळे तिला खाणारं इथे फारसं कोणी नव्हतं. औषधांनी मेणाचा थर असलेल्या किडीला काय होणार. मग बंगळुरूच्या राष्ट्रीय संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने पोर्टो रिकोहून तिचे परोपजीवी, अगदी बारीक गांधीलमाशीसारखे कीटक, २०१० मधे मागवले, क्वारंटाइनमधे ठेवून दुसऱ्या कशाला त्रास देतात का ते तपासलं आणि मग सोडले. पुढच्या काही महिन्यांत पपई परत उभी राहिली. याची रीत आयपीपीसीच्या ३ नंबरच्या मानकात आहे. एका देशाने फुकट किंवा जवळजवळ फुकट दुसऱ्याला कीटक वाढवून दिले, आणि आपले बिलात न दिसणारे किती फवारे वाचले असतील. असल्या सहकार्याचे फोटो कुठे छापून येत नाहीत म्हणून मुद्दाम लिहिलं.

सार्क यात काही करतं का?

ढाक्याला सार्कचं कृषी केंद्र आहे, माहिती-अभ्यासाचं काम चालतं. सार्कची शेवटची शिखर परिषद २०१४ ची, काठमांडूची, त्यावरून काय ते समजा. किडींच्या कामासाठी एपीपीपीसी आणि टोळांचा आयोग हेच धरून चाला.

फायटो नक्की कोण देतं? एजंट म्हणतो मी करून देतो.

एजंट फाइल फिरवतो, सही सरकारी अधिकाऱ्याचीच. मुंबईत हाजी बंदरला केंद्राचं क्वारंटाइन स्टेशन आहे, शिवाय केंद्राने नेमलेले राज्याच्या कृषी खात्यातले अधिकारीही देतात. खाजगी लॅबचा रिपोर्ट म्हणजे फायटो नाही. आणि कृपा करून माल न दाखवता सर्टिफिकेट मागू नका, एका खोट्या कागदाची नोटीस तिकडून येते ती देशाच्या नावाने येते आणि पुढच्या सीझनला सगळ्यांचीच तपासणी वाढते.

माझ्या शेतात कधी न पाहिलेली कीड दिसली. रोमला कळवू का?

रोमला नको, तालुका कृषी अधिकाऱ्याला. किंवा बारामती, नारायणगावच्या कृषी विज्ञान केंद्रात, द्राक्ष असेल तर मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात. फोटो काढा, पानासकट नमुना बरणीत घ्या, पण बरणी घेऊन चार शेतांत दाखवत फिरू नका. लगेच फवारून मोकळं होऊ नका, नमुना राहत नाही. राज्यात क्रॉपसॅपची, म्हणजे कृषी खात्याच्या कीड-रोग पाहणी योजनेची, माणसं काही पिकांवर नजर ठेवून असतात, २०२४ पासून केंद्राचं एनपीएसएस नावाचं ॲपही आहे, त्यात फोटो टाकता येतो. तिथून नमुना ओळखणाऱ्या शास्त्रज्ञांकडे, तिथून फरिदाबादला, आणि खरंच नवी निघाली तर आयपीपीसीला जाते.

‘माझ्या नावाने बोंब होईल, माल कोणी घेणार नाही’ ही भीती बऱ्याच जणांना असते. कळवताना तेवढं सांगून ठेवा की नाव बाहेर नको.